मराठी ख्रिस्ती मंडळींतील आद्य स्त्रिया

ख्रिस्ती शकाच्या 112 सालच्या सुमारास काळ्या समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावरील बिथुनिया प्रांताचा रोमन सुभेदार प्लिनी यानें सम्राट् त्राजान यास एक पत्र लिहिलें. ख्रिस्ती पंथ शहरांतून खेड्यापाड्यांत पसरत आहे, देवळें ओस पडण्याच्या बेताला आलीं होतीं, बळीच्या मांसाला गिऱ्हाईक मिळेनासें झालें होतें, असा मजकूर त्यांत आहे. या नव्या पंथाचें खरें स्वरूप काय, हें समजावें म्हणून प्लिनीनें दोन दासींना यातना देऊन त्यांची जबानी घेतली. या दासी त्या मंडळींत सेविकापद धारण करणाऱ्या होत्या. एका बेताल भ्रमापलीकडे आपणांस कांहीं आढळलें नाहीं, असें सुभेदारसाहेब शेवटीं लिहितात. त्या दोघींचीं नांवें मात्र लिहून ठेवण्याची गरज त्यांना वाटली नाहीं.

पौलानें रोम येथील मंडळीस जें पत्र धाडलें, त्याच्या शेवटच्या अध्यायांत नमस्कारांची एक लांबलचक यादी आहे. किंख्रियाच्या मंडळीची सेविका फिबी, प्रिस्का, मरिया, त्रुफैना, त्रुफोसा, पर्सिस, युलिया अशीं स्त्रियांचीं नांवें तींत एकामागून एक येतात. आणि त्यांच्याच ओळींत रूफाची आई व निरियाची बहीण अशा दोघी बिननांवाच्या बसल्या आहेत. यांतील कित्येकींनीं पुष्कळ श्रम केले, एवढें पौल म्हणतो. ते श्रम कोणते, हें तो सांगत नाहीं. ज्यांना पत्र लिहिलें त्यांना तें ठाऊकच होतें.

जी गोष्ट रोमची, तीच अठराशें वर्षांनीं आपल्या मराठी मुलखांत घडली. येथील पहिल्या पिढ्यांतील ख्रिस्ती पुरुषांचीं नांवें सुशिक्षित घरांतून परिचित आहेत. बाबा पदमनजी, नारायण शेषाद्रि, नीलकंठशास्त्री गोऱ्हे, रेव्हरंड टिळक यांची चरित्रें लिहिलीं गेलीं. त्यांचे वादविवाद छापले गेले. बाप्तिस्म्याच्या तारखा नोंदल्या गेल्या. परंतु त्यांच्या घरांतील बायकांचें काय झालें, असें विचारलें म्हणजे बहुतेक चरित्रकार दोन ओळींत आटपतात: पत्नी माहेरीं राहिली, किंवा कांहीं काळानें तीही येऊन मिळाली. धर्मांतराची खरी झळ पुष्कळ वेळां त्या दोन ओळींतच दडलेली असते.

या कथेचें पहिलें पान रत्नागिरी जिल्ह्यांत उघडतें. सावित्री नदी जेथें समुद्रास मिळते, तेथील बाणकोटचा किल्ला 1756 पासून इंग्रजांच्या ताब्यांत होता. त्यास ते फोर्ट व्हिक्टोरिया म्हणत. पेशवाई बुडून पांच वर्षें होतात न होतात तोंच, 1823 सालीं, स्कॉटिश मिशनरी सोसायटीचा पहिला मिशनरी डोनाल्ड मिचेल येथें आला आणि त्याच वर्षीं वारलाही. त्याच्या मागून आलेल्या मंडळींनीं बाणकोट व हर्णै या बंदरांच्या आसपास मराठी शाळा काढल्या. त्यांत मुलींच्याही शाळा होत्या, ही गोष्ट विशेष. मुलीनें अक्षर गिरविलें तर तिला वैधव्य येतें, असें मानणाऱ्या त्या काळांत किनाऱ्यावरच्या ज्या आईबापांनीं आपल्या पोरी पाटी देऊन पाठविल्या, त्यांच्या धाडसाची नोंद कोणत्याच धर्माच्या इतिहासानें घेतलेली नाहीं.

1829 सालीं मार्गारेट विल्सन ही स्कॉच बाई आपले पति डॉ. जॉन विल्सन यांजबरोबर मुंबईस उतरली आणि मराठी शिकण्याकरितां कोंकणांत येऊन राहिली. सुवर्णदुर्गासमोरच्या हर्णैच्या वाळूंत तिनें आपली मराठी घटविली. पुढें मुंबईस जाऊन तिनें मुलींच्या शाळा उघडल्या, आणि सहा वर्षांच्या आंत, 1835 च्या एप्रिल महिन्याच्या 19 तारखेस, ती तेथेंच वारली. तिची माहिती आज मिळते ती मुख्यतः 1838 सालीं तिच्या पतीनें प्रसिद्ध केलेल्या चरित्रावरून. राज्यकर्त्यांच्या जातीची, शिकलेली स्त्री. तीही पतीनें लेखणी उचलली म्हणून इतिहासांत आली. मग देशी स्त्रियांची काय कथा!

कोंकणांतील या खटपटींतून ख्रिस्ती मंडळी फारशी उभी राहिली नाहीं. मिशनचें ठाणें लवकरच पुण्या-मुंबईकडे हललें. ज्यांनीं खरोखर धर्म बदलला अशा स्त्रिया पाहावयाच्या तर घाट चढून अहमदनगरास गेलें पाहिजे. परंतु त्यापूर्वीं त्या काळच्या ब्राह्मणी घराची रचना नजरेपुढें आणणें अवश्य आहे.

पुरुषाचा धर्म बाहेर ओसरीवर बदले. तो पुस्तकें वाची, मिशनऱ्यांशीं वाद घाली, रात्रीं जागून विचार करी, आणि एके दिवशीं त्याचा निश्चय होई. बायकोचा धर्म आंत चुलीपाशीं असे. कोणाच्या हातचें पाणी घ्यावें, कोणतें वस्त्र नेसून भात उतरवावा, कोणाची सावली टाळावी, यांत तिचा सारा दिवस जाई. तिच्या लेखीं देव त्या शिस्तींतच वसत असे. तिच्याशीं वाद घालावयास कोणी येत नसे. नवरा बाप्तिस्मा घेऊन मोकळा झाला कीं त्याच्या नांवानें घरचे आंघोळ करीत, आणि मागें उरलेली बायको धड सवाशीण नव्हे, धड विधवा नव्हे, अशा स्थितींत एका रात्रींत येऊन पडे. त्याच्यामागें गेली तर आईबाप, भाऊ, देवघर सारें तुटणार. न गेली तर जन्मभर दुसऱ्याच्या दारीं. त्यानें जो निर्णय दहा वर्षें विचार करून घेतला, तो तिनें दहा दिवसांत घ्यावा, अशी सर्वांची अपेक्षा असे.

हा पेंच प्राचीन मंडळीपुढेंही होता. एका पक्षानें विश्वास धरला व दुसरा पक्ष नांदावयास तयार आहे, तर विश्वासणाऱ्यानें त्यास सोडूं नये. तो आपण होऊन निघून गेला तर जाऊं द्यावें, अशी सूचना पौलानें करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रांत आहे. दुसऱ्या शतकांत ग्रंथकार जस्टिन यानें रोममधील एका स्त्रीची हकीकत दिली आहे. ती ख्रिस्ती झाली. पति दुराचारी राहिला. स्नेह्यांच्या सांगण्यावरून तिनें बरेच दिवस कळ काढली, आणि शेवटीं रोमन कायद्याप्रमाणें त्यास सोडपत्र दिलें. तेव्हां त्यानें ती ख्रिस्ती असल्याची फिर्याद केली. तिनें सम्राटाकडे अर्ज केला. मग त्यानें तिचा शिक्षक टॉलेमी याच्यावर डाव धरला आणि टॉलेमीला देहान्त शासन झालें. शिक्षकाचें नांव आहे, न्यायाधीशाचें नांव आहे. जिच्यापासून हें सारें उपजलें तिचें नांव जस्टिनलाही द्यावेंसें वाटलें नाहीं.

हिंदुस्थानांत इंग्रज सरकारनें या पेंचावर कायदा केला तो 1866 सालीं, म्हणजे बाणकोटास पहिला मिशनरी आल्यावर त्रेचाळीस वर्षांनीं. तत्पूर्वीं 1850 च्या कायद्यानें धर्म बदलणाराचा वारसाहक्क राखला गेला होता. म्हणजे आधीं जमिनीची सोय झाली आणि मग बायकोची! 1866 च्या या कायद्यानें, ख्रिस्ती झालेल्या माणसाशीं त्याचें दुसरें माणूस केवळ धर्म बदलला म्हणून नांदत नसेल, तर त्यास कोर्टाकडे जातां येत असे. न्यायाधीशानें त्या दुसऱ्या माणसास स्वतः प्रश्न विचारावे, नकार आला तर एक वर्षाची मुदत द्यावी, मुदतीनंतर पुन्हां तोच प्रश्न विचारावा, आणि नकार कायम राहिला तरच विवाह रद्द करावा, अशी त्यांत तरतूद होती. विवाह रद्द झाल्यावर दोघांसही पुन्हां लग्न करण्यास कायद्यानें मोकळीक दिली. ब्राह्मणाच्या घरांतील सोडलेल्या बायकोस ती मोकळीक किती उपयोगी पडणार होती, हें सांगावयास नको. तरीही या कायद्यांत एक गोष्ट मोलाची आहे. तुझ्या मनांत काय आहे, असें त्या बाईस कोणीतरी समक्ष विचारावें, आणि विचार करण्यास तिला वर्षभर अवधि द्यावा, हें कायदे करणारांस तरी सुचलें. घरांत तें कोणास सुचत नव्हतें.

आतां अहमदनगर. तेथील अमेरिकन मिशनमध्यें 1839 सालीं हरिपंत खिस्ती या ब्राह्मण तरुणानें बाप्तिस्मा घेतला. खिस्ती हें त्यांचें मूळचें आडनांव होय. धर्मांतराशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं, केवळ योगायोग. त्यांची पत्नी राधाबाई. पति ख्रिस्ती झाला तेव्हां ही वयानें लहान, जुन्या वळणांत वाढलेली, आणि नवऱ्याच्या या कृत्यानें अगदीं हादरून गेलेली. पतीच्या घरीं आल्यावरही तिनें आपला धर्म सोडला नाहीं. आपला स्वयंपाक आपण वेगळा करावा, कोणाचा विटाळ होऊं देऊं नये, अशा रीतीनें ती राहिली. एका छपराखालीं दोन धर्म आणि दोन चुली. हरिपंतांनीं तिच्यावर घाई केली नाहीं, ही त्यांची थोरवी. तिला कोणाच्या व्याख्यानानें पटलें नाहीं. पूर्वींचा नवरा आणि आतांचा नवरा यांत फरक काय पडला, हें ती रोज पाहात होती, आणि त्या पाहाण्यांतूनच हळूहळू तिचें मन वळलें.

हें सर्व समजतें तें त्यांच्या कन्येमुळें. कृपाबाई 1862 सालीं नगरास जन्मल्या. लहानपणींच त्यांचे वडील वारले. ज्या भावानें त्यांना घडविलें तो भास्करही अकालीं गेला. मुंबईच्या मिशनशाळेंत त्या शिकल्या. वैद्यकी शिकावयास विलायतेस जाण्याची संधि प्रकृतीमुळें हुकली. मद्रासच्या मेडिकल कॉलेजांत त्यांनीं पाऊल टाकलें, पण तेथेंही शरीरानें दगा दिला. 1881 मध्यें सॅम्युअल सत्यनाथन् यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. त्यांनीं इंग्रजींत दोन कादंबऱ्या लिहिल्या आणि वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं, 1894 सालीं, त्यांचा अंत झाला. यांतील ‘सगुणा’ ही त्यांच्या स्वतःच्याच जीवनावर आधारलेली असून तिचा पूर्वभाग म्हणजे आईची कथा होय. ती लिहितांना कृपाबाईंनीं वडिलांना देवमाणूस करून आईला अडाणी ठरविलेलें नाहीं. आईचा हट्ट हाही एक प्रकारचा प्रामाणिकपणाच होता, हें ओळखण्याइतकी या मुलीची दृष्टि निर्मळ होती. मात्र मराठी आईची ही कथा मराठींत न येतां मद्रासेंत बसून इंग्रजींत लिहिली गेली, ही खंत वाटल्यावांचून राहात नाहीं.

मराठींत ती उणीव भरून निघाली ती पुढच्या पिढींत, आणि तिचा धागा पुन्हां रत्नागिरीशीं जुळतो. नारायण वामन टिळक यांचा जन्म 1861 सालीं दापोली तालुक्यांतील करजगांवचा. 1895 च्या फेब्रुवारीच्या 10 तारखेस त्यांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तेव्हां पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर नव्हत्या. लक्ष्मीबाईंना अप्रसिद्ध कोण म्हणेल? परंतु येथें त्यांचें नांव घ्यावयाचें तें त्यांच्या कीर्तीसाठीं नव्हे. राधाबाईंसारख्या कितीएक स्त्रियांच्या मनांत काय चाललें होतें, हें त्यांच्याच शब्दांत सांगून जाणारी बहुधा ही एकटी.

लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या. वडिलांना सोवळ्याचें विलक्षण वेड. बाजारचा जिन्नस धुतल्यावांचून घरांत यावयाचा नाहीं. अशा घरची ही मुलगी. पतीच्या धर्मांतराची बातमी ऐकून तिच्या जिवाचें काय झालें, हें ‘स्मृतिचित्रे’ वाचणारांस ठाऊक आहे. जवळजवळ पांच वर्षें तिनें ताटातुटींत व अर्धवट नांदण्यांत काढलीं. नगरास आल्यावरही बिऱ्हाड निराळें, चूल निराळी. मग एके काळीं तिच्या मनानें घेतलें कीं, हा जातीचा भेद देवानें केलेला दिसत नाहीं, तो माणसांनींच केला आहे. तेव्हां प्रथम तिचें विटाळाचें बंधन गळून पडलें. बाप्तिस्मा पुढें, 1900 सालीं.

हा क्रम लक्षांत ठेवण्यासारखा आहे. पुरुषांच्या चरित्रांत आधीं सिद्धान्त येतो आणि जेवणाची पंगत मागाहून बदलते. येथें आधीं पाण्याचा हंडा सुटला. ज्या बाईनें जन्मभर विटाळाचें भय उराशीं बाळगलें, तिला ईश्वर सर्वांचा पिता आहे हें वाक्य घोकून उपयोग नव्हता. परक्याच्या हातचा घोट घशाखालीं उतरला म्हणजेच तें वाक्य तिच्यापुरतें खरें होई. टिळकांच्या पश्चात् त्यांचें अपुरें ‘ख्रिस्तायन’ याच बाईनें चौसष्ट अध्याय रचून पुढें नेलें. काव्याच्या मापानें त्यास कोणी कांहीं म्हणो. पोटापाण्याचा हिशेब लिहिण्यापलीकडे जिचें शिक्षण झालें नव्हतें तिचें तें काम आहे.

परंतु सारी आद्य ख्रिस्ती मंडळी ब्राह्मणांची होती असा समज होऊं देणें बरोबर नाहीं. नगर जिल्ह्यांतील खेड्यांतून जी मंडळी वाढली, ती बहुतांशीं महार व मांग समाजांतून. तेथील बाईस गमवावयाला सोवळें नव्हतें. तिचा प्रश्न उलट होता: गांवची विहीर तिला पूर्वींही बंद होती आणि ख्रिस्ती झाल्यावरही बंदच राहिली. ज्या सावित्रीच्या मुखाशीं बाणकोट आहे, तिच्याच वरच्या अंगास महाड आहे. तेथील चवदार तळ्याच्या पाण्यासाठीं डॉ. आंबेडकरांना 1927 सालीं सत्याग्रह करावा लागला, यावरून ही बंदी किती चिवट होती तें दिसतें. प्रभुभोजनाच्या वेळीं एकच प्याला ब्राह्मण, महार, मांग यांच्या ओठीं लागत असे. त्या प्याल्याकडे पाहून राधाबाईंच्या अंगावर कांटा आला असेल, तर शेजारच्या बाकावरच्या महारणीचे डोळे भरून आले असतील. एकाच विधीचे हे दोन अर्थ पाद्र्यांच्या अहवालांत एका आंकड्यांत मिसळून गेले आहेत.

या खेडवळ बायकांतून बायबलबाई तयार झाल्या. कुमारी सिंथिया फॅरार ही अमेरिकन शिक्षिका 1827 सालीं मुंबईस आली, पुढें नगरास गेली आणि 1862 सालीं तेथेंच वारली. तिच्या शाळा पाहूनच जोतीराव फुल्यांना मुलींच्या शाळेची स्फूर्ति मिळाली, हें प्रसिद्धच आहे. अशा शाळांमुळें वाचावयास शिकलेल्या स्त्रिया बगलेंत पुस्तक घेऊन दुसऱ्या बायकांना दळतांकांडतां वाचून दाखवीत हिंडत. थोड्या पगाराची ही नोकरी. ऐकणाऱ्या बायका पुष्कळ वेळां हांकलूनही देत. फिबीचें सेविकापद याहून फार निराळें असेल असें वाटत नाहीं.

पुण्याच्या सुंदराबाई पवार यांचें नांव आज फार थोड्यांस ठाऊक असेल. 1856 सालीं जन्मलेल्या या बाईंनीं पंडिता रमाबाईंच्या कार्यांत हातभार लावला, स्वतःची शिक्षणसंस्था चालविली, आणि विलायतेस जाऊन सरकारच्या अफूच्या व्यापारावर सभांतून कडक टीका केली. त्यांचें त्या विषयावरील इंग्रजी पुस्तक 1892 चें आहे. राज्यकर्त्यांचा धर्म घेतला म्हणून राज्यकर्त्यांचें सारें गोड मानलें पाहिजे, असें या बाईंना वाटलें नाहीं.

रमाबाईंचें शारदासदन 1889 सालीं मुंबईस निघालें. त्याच्या अगदीं पहिल्या विद्यार्थिनींत रत्नागिरी जिल्ह्यांतील देवरूखच्या जोश्यांची बालविधवा मुलगी गोदूबाई होती. तिनें ख्रिस्ती धर्म घेतला नाहीं. 1893 सालीं तिनें हर्णैशेजारच्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे यांच्याशीं पुनर्विवाह केला. त्याच वर्षीं सदनांतील मुली ख्रिस्ती होतात अशी पुण्यांत ओरड झाली आणि कित्येक पालकांनीं आपल्या मुली काढून नेल्या. गोदूबाईंचें उदाहरण एका बाजूस ठेवलें तर ती ओरड अतिशयोक्तीची वाटते. परंतु सर्वस्वीं निराधार होती असेंही म्हणतां येत नाहीं. 1896–97 च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतून सुमारें तीनशें मुली व विधवा रमाबाईंनीं आणल्या. उपाशी, अनाथ, दहा वर्षांची पोर जेव्हां अन्न देणाराचा धर्म घेते, तेव्हां तिला श्रद्धा म्हणावी कीं कृतज्ञता? राधाबाईंना मिळाला तसा वेळ, 1866 चा कायदा देई तशी वर्षाची मुदत, या मुलींना कोणी दिली होती? हा प्रश्न टाळून या स्त्रियांचा इतिहास लिहितां येणार नाहीं. त्यांतल्या कित्येकी मोठ्या झाल्यावर, कोणाचा धाक नसतांना, त्याच श्रद्धेंत राहिल्या आणि तीतच मेल्या. एवढेंच त्याचें उत्तर मिळतें, आणि तें अर्धेंच आहे.

केडगांवच्या मुक्तिसदनांत अशा मुलींना विणकाम, शेती, तेलाचा घाणा यांबरोबर छापखान्याचें कामही शिकविलें जाई. खेड्यांतल्या अल्पशिक्षित बायकांस समजेल अशा सोप्या मराठींत सबंध बायबल आणावें, म्हणून रमाबाई हिब्रू व ग्रीक शिकून कित्येक वर्षें भाषांतर करीत होत्या. सदनांतल्या बायका-मुलीच खिळे जुळवीत आणि कागद उचलीत. रमाबाई 1922 च्या एप्रिलच्या 5 तारखेस वारल्या; छापलेलें पुस्तक 1924 सालीं बाहेर पडलें. त्यांत रोमकरांस पत्र आहे आणि त्याचा सोळावा अध्यायही आहे. फिबी, त्रुफैना, त्रुफोसा, पर्सिस हीं नांवें दुष्काळांतून आलेल्या जुळारी बायकांनीं एकेक अक्षर उचलून तेथें बसविलीं. आणि रूफाची आई व निरियाची बहीण यांच्यापाशीं आल्यावर, मुळांत होतें तसेंच, नांवांवांचून पुढें गेल्या.